नापासांचा हिशेब कोण ठेवणार?

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक मथळा हमखास असतो: शेतमजुराचा मुलगा उपजिल्हाधिकारी. बातमी खरी असते, गावातली मिरवणूकही खरी असते, आणि त्या पोराच्या कष्टांबद्दल तर शंका घ्यायचं कारणच नाही. पण त्या मथळ्यावरून आपण मनाशी एक निष्कर्ष काढतो आणि तो कधी तपासत नाही. परीक्षा सगळ्यांना खुली आहे, म्हणजे सत्तेचं दार सगळ्यांना खुलं आहे, हा तो निष्कर्ष.

चीनमध्ये हा मथळा कित्येक शतकांपूर्वी पद्यात लिहिला गेला. सोंग राजवटीच्या काळातल्या एका बालकवितेत ओळी आहेत: सकाळी शेतावरचा पोर, संध्याकाळी सम्राटाच्या दरबारात. पुढच्या पिढ्यान् पिढ्यांनी त्या ओळी घोकल्या. सातव्या शतकाच्या आरंभी, सुई राजवटीत सुरू झालेली ही परीक्षापद्धत मध्ये काही खंड पडूनही १९०५ पर्यंत टिकली. राजवटी आल्या, बुडाल्या, मंगोल आले, मांचू आले. अधिकारी निवडायचा हा मार्ग मात्र पुन्हा पुन्हा परत आला. एवढं दीर्घायुष्य लाभलेली शासनसंस्था जगात दुसरी शोधावी लागेल.

ती नेमकी कशामुळे टिकली, हा प्रश्न गेली पंचाहत्तर-ऐंशी वर्षं इतिहासकार लढवत आहेत. त्यातल्या एका इतिहासकाराचं काम मराठी वाचकांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं. ते म्हणजे बेंजामिन एल्मन. प्रिन्स्टन विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केलं. चीनमधल्या नागरी परीक्षांचा सांस्कृतिक इतिहास मांडणारा त्यांचा जाडजूड ग्रंथ २००० साली आला, आणि २०१३ साली त्याच विषयावर त्यांनी गुणवत्तेच्या प्रश्नाभोवती आणखी एक पुस्तक लिहिलं. आपल्याकडे दरवर्षी लाखो मुलं जी परीक्षा देतात, तिच्या पूर्वजाचं इतकं बारकाईचं शवविच्छेदन दुसऱ्या कुणी केलेलं माझ्या वाचनात नाही.

एल्मन यांच्याआधीचं या विषयातलं सर्वांत मोठं नाव हो पिंग-ती यांचं. १९६२ साली त्यांनी मिंग आणि त्यानंतरच्या मांचूंच्या चिंग राजवटीतल्या जिनशी, म्हणजे स्थानिक, प्रांतिक आणि राजधानीतली अशा पायऱ्या चढून सर्वोच्च पदवी मिळवलेल्या १२ हजारांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. यशस्वी उमेदवारांच्या याद्यांमध्ये बाप, आजा, पणजा यांची नावं आणि पदव्या लिहायची पद्धत होती, त्यामुळे हे शक्य झालं. त्यातून दिसलं की ४० टक्क्यांहून थोड्या जास्त जिनशींच्या मागच्या तीन पिढ्यांत कुणीही प्राथमिक पदवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. अठराव्या शतकातल्या युरोपशी तुलना केली तर हा आकडा थक्क करणारा आहे. हो यांनी या व्यवस्थेला यशाची शिडी म्हटलं, आणि ती प्रतिमा रुजली. अर्थात मिंगच्या सुरुवातीला जे प्रमाण होतं ते चिंग काळात बरंच घसरलं, हेही त्यांनीच प्रामाणिकपणे नोंदवलं. त्यांचा आकडा सांगणारे लोक ही दुसरी नोंद सहसा सांगत नाहीत.

पुढे रॉबर्ट हाइम्स यांनी सोंग काळातल्या अशाच अभ्यासांवर बोट ठेवलं. बाप-आजा-पणजा मोजले; पण काका, मामा, सासरा, चुलतभाऊ यांचं काय? ज्या मुलाचा बाप साधा, पण काका जिल्ह्याचा मोठा माणूस, त्याला नव्याने वर आलेला म्हणायचं का? जियांगशी प्रांतातल्या फूजौ भागातली घराणी त्यांनी अशी जोडून पाहिली, तेव्हा नव्याने वर आलेल्यांपैकी बरेच जण जुन्याच सोयरिकींच्या जाळ्यात निघाले. हा आक्षेप कुठल्याही मराठी माणसाला चटकन पटेल. आपल्याकडे घराणं बापावर संपत नाही.

एल्मन यांनी याच्याही पुढचं पाऊल टाकलं, आणि माझ्या मते खरी कलाटणी तिथेच आहे. पास झालेल्यांची कुळं तपासून परीक्षा न्याय्य होती की नव्हती हे कळणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. परीक्षेपर्यंत पोचलं कोण आणि न पोचता बाहेर राहिलं कोण, हे आधी विचारावं लागतं. पाठांतराचे, कन्फ्यूशियसच्या परंपरेतले मूळ ग्रंथ मोजले तर शब्दचिन्हांची संख्या चार लाखांच्या पुढे जाते. त्यांची भाषा अभिजात, कुठल्याच घरात बोलली न जाणारी. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत, शिक्षक ठेवायची ऐपत आहे आणि पंधरा-वीस वर्षं मुलाच्या हाताला काम न लावता चूल पेटते, त्याच घरातला मुलगा परीक्षेच्या उंबऱ्यापर्यंत जायचा. बायकांना तर प्रवेशच नव्हता. नट आणि सरकारी कचेरीतले शिपाई यांच्यासारख्या हीन मानलेल्या धंद्यांतल्या घरांनाही नव्हता. कुळांच्या नावावर सामाईक जमिनी असत आणि त्यांच्या उत्पन्नातून हुशार मुलांचा अभ्यास चाले, त्यामुळे एखादा गरीब घरचा मुलगा वर जायचा. पण तो मागे मातब्बर कूळ असलेला गरीब असे. सरकारने शाळांवर मोठा खर्च केला नाही. शिकवायचा भार घराण्यांवर टाकला आणि चाळायचं काम स्वतःकडे ठेवलं. वरचा वर्ग स्वतःच्या पैशाने स्वतःची पुढची पिढी घडवत होता आणि त्यावर शिक्का राज्याचा बसत होता. म्हणूनच ही व्यवस्था राज्य आणि वरचा वर्ग या दोघांनाही हवीशी होती, आणि म्हणूनच ती टिकली.

आता परीक्षेच्या जागेकडे जाऊ. नानजिंगमध्ये छिनह्वाई नदीच्या काठी जियांगनान प्रदेशाचं, प्रांतिक परीक्षेचं परीक्षागृह होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कोठड्यांची संख्या २० हजारांच्या वर गेली होती. कोठडी म्हणजे तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी, दार नाही. भिंतींतल्या खाचांमध्ये दोन फळ्या बसवायच्या. वरच्या फळीवर लिहायचं, खालच्या फळीवर बसायचं, आणि रात्री दोन्ही फळ्या एका पातळीवर आणून पाय पोटाशी घेऊन झोपायचं. अशी तीन सत्रं, मिळून नऊ दिवस. आत जाताना झडती. एकदा फाटकाला कुलूप लागलं की सत्र संपेपर्यंत ते कुणासाठीही उघडत नसे. आत कुणी मेलाच, तर चटईत गुंडाळलेलं प्रेत भिंतीवरून बाहेर काढलं जाई. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं असे. उमेदवार काळ्या शाईने लिही, मग कारकून ती पूर्ण उत्तरपत्रिका लाल शाईने नकलून काढत, म्हणजे परीक्षकाला हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखता येऊ नये. इतकी काटेकोर निष्पक्षता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झालो, आणि अजूनही वाटतं की या बाबतीत चीनच्या राज्यव्यवस्थेला मानावंच लागेल. पण लाल शाईची निष्पक्षता फाटकाच्या आतली. फाटकापर्यंतच्या वाटेवर तसं काहीच नव्हतं.

त्या कोठड्यांतून पास होत शंभर-दीडशे जण. बाकीचे हजारो परत जात, आणि तीन वर्षांनी पुन्हा येत.

या बाकीच्यांना इतिहासात आणणं, हे एल्मन यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम. त्यांनी या लोकांची स्वप्नं, नवस, ज्योतिषाकडच्या चकरा, रोजनिश्या, भुताखेतांच्या गोष्टी हे सगळं साधन म्हणून वापरलं. आणि एक बाजू अशी दाखवली, जी आधी नीट कुणी पाहिली नव्हती. या परीक्षेने अधिकारी निर्माण केले त्याच्या शेकडो पट जास्त नापास सुशिक्षित निर्माण केले, आणि चीनचा समाज चालवला तो बऱ्याच अंशी त्यांनी. गावचा शिक्षक, वैद्य, अर्ज लिहून देणारा, कज्जेदलाल, छापखान्यातला संपादक, कादंबरीकार: यातले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अडलेले उमेदवार होते. ली शिजेन प्रांतिक परीक्षेत तीनदा नापास झाला आणि वैद्यकीकडे वळला. त्याने लिहिलेला औषधींचा महाकोश आजही चिनी वैद्यकाचा आधार मानला जातो. पू सोंगलिंग आयुष्यभर परीक्षा देत राहिला, दुसऱ्यांच्या घरी शिकवण्या करत राहिला, आणि त्याच काळात त्याने ज्या कथा लिहिल्या त्यांत परीक्षकांवरचा राग पानोपानी आहे. १७११ साली, वयाच्या सत्तरीनंतर, त्याला एक मानाची किरकोळ पदवी मिळाली.

आणि याच यादीत हाँग श्यूछ्वान आहे. १८२७ ते १८४३ या काळात तो ग्वांगजौच्या परीक्षेला चार वेळा बसला. तिसऱ्या अपयशानंतर तापात त्याला दृष्टान्त झाले. पुढे त्यांचा अर्थ त्याने असा लावला की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. त्याने उभारलेलं तायपिंग बंड १८६४ पर्यंत चाललं आणि त्यात दोन कोटींच्या आसपास माणसं मेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. एका माणसाच्या नापास होण्यातून एवढं बंड उभं राहत नाही. दुष्काळ, जमिनीची टंचाई, अफूचं युद्ध, दक्षिणेतल्या हाक्का समाजाची अवस्था ही सगळी कारणं होतीच. पण वीस-वीस वर्षं घोकून रिकाम्या हाताने परतलेली, वाचता-लिहिता येणारी, अपमान मनात धरून बसलेली माणसं गावोगाव असली, की बंडाला नेते शोधावे लागत नाहीत.

चिनी राज्यकर्त्यांना याची जाणीव नव्हती असं नाही. त्यांच्याकडे एक पायरी होती, जी मला फार महत्त्वाची वाटते. पहिली परीक्षा पास झालेल्याला शंगयुआन म्हणत. सरकारी नोकरी त्याला मिळत नसे, पण वेठबिगारीतून सूट मिळे, कचेरीत त्याला सहजासहजी फटके मारता येत नसत, वेगळा झगा घालायचा मान असे, आणि गावात त्याचा शब्द चाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे पाच लाखांच्या आसपास लोक होते. पुढची परीक्षा कधीच पास झाले नाहीत तरी ते कुणीतरी होते. त्या सवलतींचा जाचही झाला. त्यांचा कर शेवटी गरिबांच्या डोक्यावर बसला, आणि सतराव्या शतकात गू यानवू या विचारवंताने या शंगयुआनांवर कडाडून टीका केली ती उगाच नाही. तरीही ज्याला आपण इतकी वर्षं झिजवलं त्याला काहीतरी देणं लागतं, हे ते राज्य मानत होतं.

दुसरी गोष्ट कोट्याची. १३९७ साली, मिंग राजवटीच्या पहिल्या सम्राटाच्या शेवटच्या वर्षांत, राजधानीच्या परीक्षेत पास झालेले सगळेच्या सगळे दक्षिणेचे निघाले. सम्राटाने फेरतपासणी करायला लावली. तपासणाऱ्यांनी सांगितलं, निकाल बरोबरच आहे. त्याने काही परीक्षकांना देहान्ताची शिक्षा दिली आणि पुन्हा परीक्षा घेऊन उत्तरेकडचे उमेदवार निवडले. शिक्षा अमानुष होती यात वाद नाही. पण प्रश्न खरा होता, आणि तीस वर्षांच्या आत त्याचं उत्तर नियमात आलं: दर शंभरातल्या ५५ जागा दक्षिणेला, ३५ उत्तरेला, १० मधल्या प्रदेशाला. पुढे प्रांतवार कोटे आले आणि ते अखेरपर्यंत राहिले. दक्षिणेत भातशेती, व्यापार, छापखाने, पुस्तकं. उत्तर युद्धांनी होरपळलेली. एकच प्रश्नपत्रिका दोघांना दिली म्हणजे दोघांना समान वागवलं असं होत नाही, हे त्या राज्याला पंधराव्या शतकात उमगलं होतं. आपल्याकडे गुणवत्तेचा जप करणारे लोक चीनच्या परीक्षेचा दाखला देतात तेव्हा हा अर्धा भाग गाळतात. जगातल्या सर्वांत जुन्या स्पर्धा परीक्षेने कोटा हा गुणवत्तेचा अपमान मानला नाही. त्याशिवाय राज्य एकसंध राहणार नाही असं मानलं. हा कोटा प्रदेशाचा होता, जातीचा नव्हता, आणि आपलं आरक्षण फार वेगळ्या अन्यायातून आलं आहे. पण समान प्रश्नपत्रिका म्हणजे समान संधी, हा युक्तिवाद चीनच्या इतिहासाच्या आधारावर तरी कुणी करू नये.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकाने का वाचावं? कारण ही परीक्षा आपल्या दारात आली आहे, आणि तिच्या प्रवासाची वाट ठाऊक आहे. तेंग स्सू-यू या इतिहासकाराने १९४३ साली एका दीर्घ लेखात दाखवलं की पाश्चात्त्यांना लेखी स्पर्धा परीक्षेची ओळख मुख्यतः चीनमुळे झाली, आणि ब्रिटनमध्ये ती कल्पना पोचण्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या कँटनमधल्या, म्हणजे ग्वांगजौमधल्या माणसांचा मोठा वाटा होता. चीनमध्ये दुभाषा म्हणून काम केलेल्या टॉमस मेडोज याने १८४७ साली ब्रिटननेही अशी परीक्षा घ्यावी असं जाहीरपणे सुचवलं. १८५३ च्या सनदेने कंपनीच्या संचालकांची नेमणुकांवरची मक्तेदारी संपवली, १८५४ साली मेकॉलेच्या समितीचा अहवाल आला, आणि १८५५ साली लंडनमध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसची पहिली खुली परीक्षा झाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या परीक्षांचाही त्यात हात होता, सगळं श्रेय चीनला देता येणार नाही. पण हिंदुस्थान ही या प्रयोगाची पहिली मोठी भूमी होती, आणि यूपीएससी, एमपीएससी ही त्याच रोपट्याची झाडं आहेत. फाटकापर्यंतची वाट इथेही पहिल्या दिवसापासून तिरकीच होती. परीक्षा खुली, पण ती लंडनमध्ये. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर पास झाले. त्यानंतर वयोमर्यादा १९ पर्यंत खाली आणली गेली, आणि ती हिंदुस्थानातही घ्यायला १९२२ साल उजाडावं लागलं.

स्वतंत्र भारताने बरीच फाटकं उघडली. आरक्षण आणलं, मराठीतून उत्तरं लिहायची मुभा दिली, स्त्रिया आल्या. हे चीनच्या कुठल्याही राजवटीने केलं नव्हतं आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान असावा. पण एल्मन यांनी विचारलेला दुसरा प्रश्न, बाकीच्यांचं काय, हा आपल्याकडे अजून धोरणाचा विषयच झालेला नाही. २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले, ५ लाख ९२ हजारांच्या आसपास उमेदवार प्रत्यक्ष बसले, शिफारस झाली १,०१६ जणांची. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात फिरलं की उरलेल्यांची दुनिया दिसते: अभ्यासिका, कॉट बेसिसवरच्या खोल्या, महिन्याच्या मेसचे डबे, चहाच्या टपरीवर कट ऑफची चर्चा. बाविशीत आलेला मुलगा तिशी ओलांडतो. गावी विचारतात, पोस्ट कधी निघणार? एकदा पूर्व निघते, मुख्य अडते. पुढच्या वर्षी मुख्य निघते, मुलाखतीत चार गुण कमी पडतात. आणि मग वय संपतं. मुलाखतीपर्यंत तीनदा गेलेल्या मुलाच्या हातात त्या दिवशी कागदावर काय असतं? बारा वर्षांपूर्वीची पदवी, आणि त्यानंतरची कोरी जागा.

चीनच्या राज्याने वेळापत्रकही पाळलं. प्रांतिक परीक्षा दर तीन वर्षांनी, आठव्या चांद्र महिन्यात. तीन सत्रांचे दिवस ठरलेले, नववा, बारावा आणि पंधरावा. युद्ध किंवा मोठी आपत्ती आली तरच त्यात बदल. आपल्याकडे १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर बसली. कोरोना होता, हे खरं. पण जाहिराती लांबणं, निकाल रखडणं, नियुक्त्या अडकणं याला कोरोना लागत नाही. उमेदवाराचं एक वर्ष ही सरकारच्या हिशेबात रकमेला न लागणारी गोष्ट झाली आहे.

शान्शी प्रांतातला शिक्षक लिऊ दापेंग याची रोजनिशी उपलब्ध आहे. १८९४ साली तो प्रांतिक परीक्षा पास झाला होता, त्यापुढची कधीच नाही. १९०५ साली परीक्षा बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा त्याने लिहिलं की पहाटे उठलो तर मन विझलेल्या राखेसारखं झालं होतं. पुढे पोटासाठी त्याला कोळशाच्या खाणीच्या व्यवहारात शिरावं लागलं. लाखो माणसांना ज्या धाग्याने राजवटीशी बांधलं होतं तो तुटला, आणि सात वर्षांच्या आत राजवट गेली. एल्मन इथे फार काळजीपूर्वक बोलतात: परीक्षा वाईट होती म्हणून ती मोडणं सोपं होतं असं नाही, तिच्याभोवती समाजाने जे उभं केलं होतं त्याची पर्यायी सोय कुणी केली नव्हती. परीक्षा रद्द करा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी ते म्हणत नाही. वशिल्यापेक्षा परीक्षा केव्हाही बरी.

माझं मागणं एवढंच की राज्याने नापासांची जबाबदारी घ्यावी. एमपीएससीने प्रत्येक निकालासोबत बसलेल्या सर्वांची आकडेवारी जाहीर करावी: वय, कितवा प्रयत्न, जिल्हा, शिक्षणाचं माध्यम, पालकांचा व्यवसाय, कुठल्या टप्प्यावर बाहेर पडले. नावं नकोत, आकडे हवेत. हो पिंग-ती यांना शतकानुशतकांच्या जुन्या याद्यांवरून जे शोधता आलं, ते आपल्या आजच्या उमेदवारांबद्दल कुठल्याही संशोधकाला शोधता आलं पाहिजे. मुख्य परीक्षा पास होण्याला स्वतंत्र किंमत असावी. तिचे गुण तीन वर्षं ग्राह्य धरून महापालिका, जिल्हा परिषदा, सहकारी बँका, शिक्षणसंस्था यांनी आपल्या पदांसाठी ते वापरावेत. मुलाखतीपर्यंत पोचून शिफारस न झालेल्यांची माहिती इतर नियोक्त्यांपर्यंत पोचवायची योजना यूपीएससीने सुरू केली आहे. ती राज्यात आणावी आणि मुलाखतीवर न थांबता मुख्य परीक्षेपर्यंत खाली आणावी. परीक्षेची तारीख, निकालाची तारीख आणि नियुक्तीची शेवटची तारीख कायद्याने बांधावी, आणि सरकारमुळे वर्ष वाया गेलं तर वयोमर्यादेत तेवढी सूट आपोआप मिळावी. त्यासाठी मुलांना चौकात बसावं लागू नये.